बिघडल्या आसवाचं पालिश

ता. १० जानेवारी १९४४, सोमवार. मिरज

चपडी आहे, लाकूड आहे, भोपळे आहेत, तारा आहेत. स्पिरिट नाही. आणि घरातली सगळी माझ्याकडं अशी बघतात जशी मीच ते पिऊन बसले. दुकानदार म्हणतो लढाईवर गेलं. साखर लढाईवर गेली, रॉकेल गेलं, माझा सिकंदर गेला, आता स्पिरिटपण गेलं. तिकडं ते काय तंबोऱ्याला पालिश करणार आहेत, ते मला कुणी सांगत नाही.

बिस्मिल्ला आधी लिहायचं असतं. आता लिहिते. बिस्मिल्ला.

मी अख्तरबी. मराठी तिसरी शिकले तेवढ्यात लग्न झालं. घरात आमची बोली दखनी, पण ती मला लिहिता येत नाही, म्हणून इथं सगळ्यांनी मराठीत बोलायचं. कुणाची हरकत असेल तर त्यानं स्वतःची वही करावी.

तर आमचं घर सतारमेकरांचं. सतारी, तंबोरे करतो. चपडी म्हणजे लाखेचे पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाची पोटली त्यात बुडवून लाकडावर फिरवायची, वाळू द्यायचं, परत फिरवायची. असे हात देत देत लाकूड आरशासारखं होतं. हे काम सिकंदर करायचा. आता यांनी करायचं. हे म्हणजे सिकंदरचे अब्बा. त्यांचं नाव मी घेत नाही, कागदावर पण नाही.

धारवाडच्या चारुशीलाबाईंची तंबोऱ्याची जोडी करायला घेतली आहे. बाई मोठ्या गाणाऱ्या. फेब्रुवारी सरता सरता न्यायला येणार, तयार नसली तर पलीकडच्या गल्लीतून दुसरी जोडी घेऊन जाणार. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं, मला ते आवडलं. गल्लीत लोक आधीच बोलतात की पोरगा गेला आणि म्हाताऱ्याचा कारखाना मिटला. बाई रिकाम्या हातानं आमच्या दारातून गेल्या की ते खरं झालं. ते मला खरं होऊ द्यायचं नाही. बाकी मला काही नको.

सकाळी यांच्या हातात कपबशी खुळखुळ वाजली, चहा लुंगीवर सांडला. "थंडी लय हाय," म्हणाले. थंडी आहेच यंदा.


ता. १३, गुरुवार

आमच्या भिंतीला भिंत लागून चिंतामणवैद्यांचं घर. सकाळी बघते तर वैद्यबुवा परसात रांजण कलता करून गटारीत काहीतरी ओतायच्या बेतात. वास असा आला की माझं पडसं मोकळं झालं.

"वैद्यबुवा, काय वताय लागलासा?"

"द्राक्षासव. बिघडलं."

"आंबून शिरका झाला?"

"अजून नाही. पण औषधही झालं नाही. काबुली मनुका मिळेनात, म्हणून इकडचीच आंबट द्राक्षं घातली, वर गूळ. वास आहे, गुण नाही. एका रोग्याला दिलं तर म्हणाला, बुवा, ह्याच्यापेक्षा माझा खोकला बरा होता."

"नशा हाय का त्यात?"

वैद्यांनी रांजण सरळ केला आणि माझ्याकडं बघत राहिले. "अख्तरबी, हे तुम्ही विचारताय?"

"मला न्हाई प्यायची. हाय का न्हाई तेवढं सांगा."

"आहे की. आसव म्हटलं की थोडी असतेच."

"मग हात लावू नका त्याला. किती रांजण हायत?"

सगळे बिघडलेत म्हणाले, अगदी खाली मान घालून. मी म्हटलं लाज कशाची, बिघडले म्हणून तर कामाला आले. माझा बाप सांगलीत अत्तार होता. गुलाबाच्या पाकळ्या डेगीत घालायच्या, खाली मंद जाळ, झाकणातून बांबूची नळी, नळीचं तोंड दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं थंड पाण्यात. गुलाबातला जीव वाफेबरोबर चढतो आणि पलीकडं थेंब थेंब उतरतो. गुलाबातला उतरतो तर द्राक्षातला का उतरणार नाही?

"आणि अबकारीवाले आले तर?" वैद्य म्हणाले.

"त्यांनी आधी मला स्पिरिट आणून द्यावं, मग विचारावं."


ता. १४, शुक्रवार, जुम्मा

वैद्यांकडून संक्रांतीचा तिळगूळ आला. गोड बोला म्हणाले. आजच्याच दिवशी हे होणं बरं नव्हे, कारण माझं यांच्याशी वाजलं.

"ती चीज माझ्या घरात काढायची न्हाई," म्हणाले.

"आपण कुठं पितोय? लाकूड पिणार."

"हाताला लागंल."

"हात धुवा. नमाजाच्या आधी एरवी काय करता?"

मग टोपी घालून मौलवीसाहेबांना विचारायला गेले. लगेच परत आले. मौलवीसाहेब म्हणाले म्हणे, तंबोऱ्याचंच मुळात काय करायचं ते आधी किताबात बघून सांगतो. मग यांनी पुढचं विचारलंच नाही. मुकाट येऊन दांडी घासत बसले.

सून नूरजहां ओढणीआड हसली. सून हसली की सासूनं काम सांगायचं असतं. लसूण सोलायला दिला.


ता. १७, सोमवार

सांगलीला भावाकडं गेले, बापाची तांब्याची डेग आणायला. भावजयीनं त्यात कोळसा भरून ठेवला होता. ज्या डेगीत गुलाब शिजला तिच्यात कोळसा. तो मी भावजयीच्या धुतलेल्या ओट्यावर ओतला आणि डेग घेऊन निघाले.

गाडीत तिकीटवाल्यानं विचारलं, "आजी, यात काय हाय?"

"आवाज," म्हटलं, आणि बोटाच्या पेरानं वाजवून दाखवली. डबा हसला. त्याला हसू आलं नाही, पण पुढं गेला.

भपका, म्हणजे थेंब धरायचं ते उभ्या गळ्याचं भांडं, तेपण मिळालं. बांबूची नळी किडली होती. ती यांनी नवीन करून दिली. सांधा बसवताना मात्र नूरजहांच्या हातात दिला, "तू बसव, मला उजेड कमी दिसतोय" म्हणाले. भर दुपार होती. म्हातारपण वाईट.


ता. १९, बुधवार

आज काढलं.

परसात चूल मांडली. डेगीत आसव अर्ध्यावर भरलं, झाकणाचा सांधा कणकेनं लिंपला, नळीला चिंध्या गुंडाळल्या. शेणीचा जाळ. माझा बाप सांगायचा, जाळ असा हवा की शेजारी बसलेल्या माणसाला पेंग यावी. नूरजहां जाळापाशी, मी नळीपाशी, वैद्यबुवा भिंतीवर कोपरं टेकून. त्यांना वाटतं आसव त्यांचं आहे म्हणून सल्लापण त्यांचा.

"जाळ कमी आहे, अख्तरबी."

"तुमच्या आसवाला कमी लागला का जास्त, हे आता समद्या गल्लीला ठावं हाय."

मग त्यांनी सल्ला दिला नाही.

पहिला थेंब पडला. मग दुसरा. मी चिंधी भिजवली, काडी ओढली. निळा जाळ. उजेडात दिसेना म्हणून मी त्यावर ओंजळ धरली आणि सगळ्यांना वाकून बघायला लावलं. हे पण आले. बघितलं, दाढीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बापाची लेक हायस." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे आज सुचलं.

भपका भरला. आता बापानं शिकवलेली शेवटची गोष्ट. नवीन अर्काला धुराचा वास असतो. तो जायला भांड्याच्या तोंडाला नुसती मलमल बांधायची आणि रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं. सकाळी गुलाब तेवढा राहतो, धूर जातो.

नूरजहां म्हणाली, "अम्मा, बूच मारून ठेवू का?"

म्हटलं, अत्ताराच्या पोरीला शिकवू नको.

तीन रात्री ठेवणार आहे. काम करायचं तर पुरं करावं.


ता. २२, शनिवार

सत्यानाश.

चपडी विरघळली, पण गढूळ. तरी यांनी कारखान्यात नेली. दुपारी कारखान्याचं दार लोटून घेतात आजकाल, धूळ नको म्हणून. संध्याकाळी बघते तर तबलीवर पांढरी साय आली आहे. तबली म्हणजे भोपळ्यावर बसवतात ती लाकडाची पातळ फळी, बघणाऱ्याची नजर पहिली तिथंच जाते. जणू लाकडाला बुरशी लागली.

मी म्हटलं चपडी जुनी आहे. म्हटलं कापूस ओला होता. म्हटलं पोटली आवळून धरली नाही कुणी. "पालिश करताना मन कुटं होतं?" असं यांना विचारलं. यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माझंच चुकलं." एवढ्या लवकर कबूल होणारा हा माणूस नव्हे.

नूरजहां चुलीपाशी बसून रडत होती. तिला काय झालं रडायला? तिनं थोडंच केलं होतं. म्हटलं, रड, पण भाकरीवर पाणी पाडू नको.


ता. २४, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. कुणाशी बोलत नाही. कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.


ता. २५, मंगळवार

सकाळी भपक्यातलं उरलेलं परत चिंधीवर घेऊन पेटवलं. पेटेना. चार काड्या गेल्या. वैद्यबुवा भिंतीवर होतेच.

"तुम्ही पेटवलेले ते पहिले थेंब होते, अख्तरबी. पुढचं पाणी पाणी उतरलं असणार."

"मग पैल्यातच सांगायचं."

"तुम्ही मला सल्ला द्यायला मनाई केली होती."

नूरजहां आपल्या तान्ह्या पोरीला, छोटीला, खांद्यावर थोपटत उभी होती. छोटीकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. "छोटे, नानाजींच्या दुकानात अत्तराच्या कुपीचं बूच निघालं की काय व्हायचं गं? सगळं उडून जायचं, न्हाई?"

तिच्या बापाचं अत्तराचं दुकान नव्हतं. भांड्यांचं आहे. तिला पोरीशी बोलायलासुद्धा नीट येत नाही.

पण मला त्यावरून सुचलं. गुलाबाचं वजन जड, तो दवात टिकतो. स्पिरिट हलकं. ते तीन रात्री मलमलीतून गेलं आणि जागेवर दव आलं. म्हणजे दवानं घात केला. मी चुकले असं कुणी म्हणायचं नाही. माझ्या बापाची रीत गुलाबासाठी होती आणि गुलाबासाठी ती अजून बरोबर आहे.

चपडीला पाणी खपत नाही, पाणी असलं की ती पांढरी पडते. आता जे काढायचं ते पाण्यावेगळं. पानाला चुना लावताना आठवलं, घरात विरवलेला चुना असतो तो नव्हे, भट्टीतून निघतो तो कोरडा कळीचा चुना. पाण्याला असा हपापलेला असतो की थेंब दिसला तर फणफणतो. तो खडा स्पिरिटमध्ये टाकला तर पाणी तेवढं पिऊन बसेल. वैद्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी श्लोक म्हटला असता.


ता. २९, शनिवार

पाच दिवस चुलीपाशी. कंबर माझी राहिली नाही, पण स्पिरिट झालं.

आता असं केलं. नवीन रांजणाचं आसव चढवलं, थेंब पेटतो तोवरच घेतलं, विझायला लागला की नळी काढली. जमलेलं परत चढवलं. ते परत चढवलं. मग बाटलीत कळीचा चुना टाकला, बूच, वर मेण. चुन्यानं बाटली गरम झाली तेव्हा मला बापाची लेक असल्यासारखं वाटलं. निवळ वरचं अलगद काढून शेवटचं एकदा उतरवलं. चिंधी भिजवून पेटवली तर निळा जाळ संपून चिंधीपण जळाली. ओली राहिली नाही. पाणी नावाला नाही.

आणि नेमका तेव्हा लालासाहेब आला. अबकारीचा शिपाई. दारातून नाक आधी आलं, मग तो.

"आजी, वास सुटलाय गल्लीभर. दारू काढताय व्हय?"

नूरजहांचा चेहरा पांढरा झाला. हे कारखान्याच्या दारात खांबासारखे उभे. म्हटलं आता मीच.

"व्हय, काढलीय. बस. पितोस?"

चपडी घातलेली वाटी तयार होती, मधासारखी तांबूस. ती पुढं केली. बिचारा बसला. वास घेतला, डोळ्यात पाणी आलं. बोट बुडवून जिभेला लावणार, तेवढ्यात बोटं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेला तर दुसऱ्या हाताची पण चिकटली. देवापुढं हात जोडल्यासारखा बसला.

"आजी, हे काय हाय?"

"तंबोऱ्याचं पालिश. तुझ्या बानं भजनाला आमच्याकडनंच तंबोरा न्हेला हुता. त्याच्यावर ह्येच हाय. जा, घरी जाऊन त्याला विचार, पिऊन बघितलं का म्हणून."

यांनी आतून स्पिरिटची चिंधी आणून त्याचे हात सोडवले. चिंधी नूरजहांनं पिळून दिली. जाताना लालासाहेब म्हणाला, "आजी, चार रांजणापेक्षा जास्त दिसले तर मला दिसले असं म्हणावं लागंल." वैद्यांकडून आणलेले रांजण पाच आहेत. एक वैद्यांच्या भिंतीपलीकडं नेऊन ठेवला.


ता. ४ फेब्रुवारी, शुक्रवार, जुम्मा

पालिश धरलं. असं धरलं की मी मुद्दाम शेजारणींना बोलावून दाखवलं.

तबलीत तोंड दिसतं. माझं दिसलं, काही सुंदर दिसलं नाही, पण स्वच्छ दिसलं. वैद्यबुवा आले, चष्मा लावून बघितला, काढून बघितला. "माझं आसव एवढं चांगलं कधीच नव्हतं," म्हणाले. मी म्हटलं, पोटात जायला निघालं होतं, त्याची वाट चुकली होती एवढंच.

आणि यांचा हात. सगळ्या गल्लीत सांगितलं मी. लोक म्हणत होते म्हाताऱ्याचं संपलं, आता येऊन बघा म्हटलं. सिकंदरच्या हातात असायची ती सफाई यांच्या हातात परत आली. पाण्याला वारा लागावा तशी पोटली फिरली आहे, कुठं सुरू केली कुठं संपली कळत नाही. चांगलं स्पिरिट मिळालं की हातपण तरणा होतो. हे स्पिरिट मी काढलं.

हे ऐकत बसले होते. उठून बाहेर गेले. शरमले असतील, स्तुती ऐकायची सवय नाही.

नूरजहांची बोटं मात्र तांबूस झाली आहेत, नखांच्या आतपर्यंत. म्हटलं, नवरा लढाईवर आणि मेंदी कसली लावतेस? हात पाठीमागं नेले. कामात लक्ष नसतं पोरीचं, दुपारी हाक मारावी तर कधी ओ देत नाही.


ता. १०, गुरुवार

दुपारी मिरच्या कुटायला नूरजहांला शोधत होते. घरात नाही, परसात नाही. कारखान्याचं दार लोटलेलं. आत पोटली फिरल्याचा आवाज, रेशमी कापड हातातून सरकावं तसा.

दार ढकललं.

हे तरटावर बसले होते, दोन्ही हात काखेत दाबून. नूरजहां समोर, ओढणी कमरेला खोचून, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा, हातात पोटली. छोटी कापलेल्या भोपळ्याच्या वाटीत झोपलेली. हे सांगत होते, "थांबू नको. थांबलीस की डाग. उचलायची तर चालता चालता उचल." ती थांबली नाही. मला बघितलं तरी तो फेरा पुरा केला, मगच पोटली उचलली.

मी म्हटलं, "कवापास्नं?"

"सिकंदर गेल्यापास्नं," हे म्हणाले. मग हात काखेतून काढून माझ्यापुढं धरले. थंडी नव्हती. तरी थरथरत होते, वाऱ्यावर पान हलावं तसे. "पोटली धरली की लाकडावर लाटा उठत्यात. करणार काय. हिच्या हाताला वजन न्हाई, आपल्या पोराला पण जमलं न्हवतं एवढं बरं जमलं हिला."

"म्हंजे ते पांढरं..."

"ते पण माझंच, अम्मा," नूरजहां म्हणाली.

"पांढरं स्पिरिटचं हुतं," मी म्हटलं. "तुझं कशाला?"

मी विचारलं, मला का सांगितलं नाही. हे म्हणाले, "आदी मला लाज वाटली. मग तू गल्लीभर एवढ्या मानानं सांगितलंस की सांगायची चोरी झाली."

मी खाली बसले, मान कलती करून भोपळ्यावरचा उजेड बघितला. "कडंला जरा जाड झालंय," म्हटलं.

झालं नव्हतं. पण काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.


ता. ११, शुक्रवार, जुम्मा

आमच्या घराण्यात रीत आहे. शेवटचा हात ज्याचा, त्यानं तंबोरा उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपलं नाव सांगायचं. पुढं पालिश तडकलं, डाग आला, तर लोक त्याच नावानं घर शोधत येतात. यांच्या बापानं अशीच नावं सांगितली, सिकंदरनं सांगितलं. बाईनं कुणी सांगितलेलं नाही, कारण बाई कारखान्यात बसत नाही. बसली तरी बसत नाही.

हे म्हणाले, "मी देतो. एवढा वेळ उभं राहता येतं मला."

नूरजहां म्हणाली, "अब्बाच देतील. मी आतच बरी."

दोघांचं आधीच ठरलं होतं. माझ्यासाठी फक्त गल्लीत जाऊन परत बढाई मारायची राहिली होती.

खरं लिहायचं तर मलापण तेच बरं वाटलं. चारुशीलाबाई मोठ्या, त्यांना घरातल्या सुनेनं केलंय म्हणून सांगितलं तर म्हणतील, माझी जोडी शिकायला घेतली का? जोडी परत दिली तर? गल्ली म्हणेल, यांच्याकडं पुरुष उरला नाही म्हणून बाई बसवली. आणि हे म्हणतील काहीच नाही, ते जास्त वाईट.

पण मग यांच्या हातात तो तंबोरा थरथरणार. बाईंचं लक्ष तारांकडं जाईल का हाताकडं? आणि खोटं नाव चढलं की उतरत नाही. पुढच्या जोडीला यांना परत उभं राहावं लागणार, त्याच्या पुढच्या जोडीला परत. नूरजहां आत, तिचे हात ओढणीत, आणि मी मेंदीवरून तिला बोलणार.

तिला मेंदीवरून बोलले ते मनात राहिलं आहे. बोलून टाकलं असतं तर बरं, पण माफी मागायची मला सवय नाही, आणि आता लागणार पण नाही. तिच्या ताटात आज सांडगे जास्त वाढले. तिनं निम्मे यांना दिले.


ता. १६, बुधवार

शेवटच्या हातांसाठी ताजं स्पिरिट पाहिजे, म्हणून वैद्यांच्या परसातला पाचवा रांजण चढवला. नूरजहांला जाळापाशी बसवलं नाही. तिच्या हाताला धग लागायला नको. जाळापाशी मी बसले, नळीपाशी वैद्यबुवा. धोतर खोचून, भट्टीवर. त्यांच्या घरातून कुणी बघितलं नाही ते बरं.

"अख्तरबी, पुढच्या वर्षी मुद्दाम बिघडवू का?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम केलं तर चांगलं हुईल, तुमचं नशीब तसं हाय. न्हेमीसारखं मन लावून करा."

एक बाटली त्यांना दिली. मुळ्या भिजवून औषध काढणार आहेत म्हणाले. ते त्यांच्या नावानं विकतील, पण आतलं स्पिरिट कुणाचं ते मी गल्लीत आधीच सांगून ठेवलं आहे.

बूच मारायचं काम मीच केलं. लगेच.


ता. २२, मंगळवार

जोडी झाली. तारा चढवल्या, घोडीवर बसवल्या. बाई उद्या सकाळच्या गाडीनं येतात.

दोन्ही तंबोरे ओसरीवर चादर घालून निजवले आहेत. ऊन सरकलं तसं एकेक करून अंगावरून उजेड उतरला, कुठं अडला नाही. मी काही पालिशकार नव्हे. पण चाळीस वर्षं या घरात लाकूड बघते आहे, यांच्या बापाचं काम बघितलं आहे. याच्या जवळ बसेल असं मला दुसरं आठवत नाही. द्राक्षं वैद्यांची, डेग माझ्या बापाची, लाकूड यांचं. हात तिचा.

जेवताना मी म्हटलं, "उद्या तंबोरा नूरजहां देणार."

नूरजहांच्या हातातला घास तसाच राहिला. "अम्मा, गल्लीत तुम्ही सांगितलंय..."

"गल्लीत मी सांगितलं, गल्लीत मीच परत सांगीन. सकाळीच शेजारणीकडं जाऊन आले. म्हटलं, मी खोटं बोलले, आता खरं ऐका. तिला खोटं जास्त आवडलं हुतं. तिचा नाइलाज हाय."

यांच्याकडं बघितलं. हे बराच वेळ भाकरीचा तुकडा करत राहिले. तुकडा होईना, तसा मी करून दिला. मग म्हणाले, "तिला सांग, नाव मोठ्यानं घ्यायचं. दबक्या आवाजात घेतलं तर बाईंना वाटंल पालिश दुसऱ्याच्या घरनं आणलंय."

"बाईंनी जोडी न्हाई घेतली तर?" नूरजहां म्हणाली.

"तर तुझ्या नावची पैली जोडी आपल्या ओसरीवर राहील. मी रोज पुसीन. पण घेतील. त्या गाणाऱ्या हायत, कान हाय त्यांना. कान असणाऱ्याला डोळे पण असत्यात."

तर उद्याचं लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुणी विसरलो म्हणायचं नाही. बाई ओसरीवर बसतील, तंबोरा बघतील आणि विचारतील, शेवटचा हात कुणाचा. तेव्हा यांनी खोकायचं नाही आणि पुढं सरकायचं नाही. वैद्यबुवांनी भिंतीवरून बोलायचं नाही, वासाबद्दल तर मुळीच नाही. छोटी रडली तर ती मी घेईन. नूरजहांनं तांबूस बोटं आहेत तशी उघडी ठेवून तंबोरा उचलायचा, बाईंच्या हातात द्यायचा आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. त्याचा जबाब तिनंच द्यायचा, दुसऱ्या कुणी नाही. आणि स्पिरिट कुठलं असं बाईंनी विचारलं, तर तिनं लगेच गप्प बसायचं. ते मी सांगणार.